ताटाची मागची बाजू

ताटाबद्दल मला कुणी शिकवू नये. राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या माणसानं तर मुळीच शिकवू नये. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी नदीपलीकडच्या वेल्सफर्डमधल्या दुकानात रांगेत उभी होते. टोपलीत बटाटे, दूध, वाटाण्याचे डबे, कोंबडीच्या तंगड्या. हातात ते निळं सरकारी कार्ड, गरिबांना किराण्यासाठी मिळतं ते, अंगठ्याखाली दाबून धरलेलं, म्हणजे फक्त कडा दिसावी. सिगारेटींच्या कपाटावर टीव्ही टांगलेला होता आणि त्यात तो माणूस कुठल्याशा मोठ्या मेजवानीत बोलत होता. चोरून घेतलेलं चित्रीकरण असावं, कारण निम्मा पडदा पाण्याच्या पेल्यानंच भरला होता. तो म्हणाला, ‘जे सरकारच्या ताटात जेवतात ना, त्यांना स्वतःची चूल पेटवायची लाज वाटते. असल्यांना मी काय समजावणार? त्यांची मतं मला मिळायची नाहीत आणि खरं सांगू, मला ती नकोतही.’ लोक हसले. काटेचमच्यांचा आवाज आला. मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? त्याच्यासमोरचं ताट. पांढरं, रुंद काठाचं, काठावर सोनेरी रेघ. छापील रेघ होती ती, यंत्रानं चिकटवलेली. एवढ्या लांबूनही मला ते कळलं आणि मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

माझ्यापुढं दोन माणसं सोडून लाईल हुर्ड उभा होता. लाईल म्हणजे आमच्या क्लेमाउंट गावातल्या चिनी मातीच्या ताटांच्या कारखान्यातला आमचा मुकादम. एकतीस वर्षं मी त्याच्या हाताखाली काम केलं. सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस त्या दिवशी रांगेत कसा कोण जाणे लहान दिसत होता. त्याच्या हातातही तेच निळं कार्ड होतं. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, आणि मग त्यानं पीचच्या डब्यावरचा मजकूर असा काही वाचायला घेतला की जणू त्यात मेलेल्यांच्या बातम्या होत्या. मीही पर्समध्ये तोंड घातलं. चोवीस मैल गाडी हाकत, पूल ओलांडून, दुसऱ्या राज्यात आम्ही दोघं कशासाठी गेलो होतो? गावातल्या दुकानात गल्ल्यावर कुणी ओळखीचं असू नये म्हणून. आमच्या गावात असे किती जण दर आठवड्याला तो पूल ओलांडतात, देव जाणे. पुलावर समोरून ओळखीची गाडी आली की आम्ही सगळे अचानक नदीकडं बघायला लागतो. त्या नदीत बघण्यासारखं काय डोंबल आहे?

परतताना गाडीत मी मोठमोठ्यानं बोलत होते. एकटी राहणारी बाई गाडीत बोलते, त्यात काही विशेष नाही. ‘अरे मेल्या, ताट म्हणजे काय ते माहितेय का तुला?’ असं मी त्या पुलाला, त्या मालवाहू बोटींना विचारत होते. मी रेघवाली होते. आमच्या कारखान्यात अकरा रेघवाल्या होत्या, आणि बढाई नाही मारत, पण माझ्यासारखी दुसरी नव्हती. फिरत्या चकतीवर ताट ठेवायचं, डाव्या हातानं चकतीला गती द्यायची, उजव्या हातात लांब केसांचा बारीक ब्रश, आणि श्वास रोखायचा. हात हलवायचा नाही. हात स्थिर आणि ताट फिरतं. एका श्वासात रेघ पुरी. जिथून सुरू झाली तिथंच येऊन मिळाली पाहिजे, आणि कुठं मिळाली ते कुणाला सापडता कामा नये. लाईल दर संध्याकाळी येऊन ताटाच्या काठावरून नख फिरवायचा, जोड शोधायचा. जोड सापडला की ताट पिंपात. खळ्ळकन आवाज व्हायचा आणि त्या बाईचं तोंड पडायचं. माझं ताट शेवटचं कधी पिंपात गेलं ते मला आठवत नाही. त्याला आठवत असेल, त्याला सगळं आठवतं.

व्हर्जिल, माझा नवरा, भट्टीवर होता. चिनी मातीची धूळ चाळीस वर्षं त्याच्या छातीत बसत गेली आणि कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षांनी तिनं आपलं घर पक्कं केलं. नळी नाकात, खुर्ची खिडकीपाशी. सरकारी मदतीचा अर्ज मी आणला तेव्हा त्यानं तो हातात घेतला, नीट चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि फाडला. फाडतानाही त्याला धाप लागली. म्हणाला, ‘नेल्डा, आपण टनिक्लिफ. आपण कुणाचं खात नाही.’ मी म्हटलं, ‘बरं.’ दुसऱ्या दिवशी मी दुसरा अर्ज आणला, बाथरूमची कडी लावून भरला. तीन वर्षं तो माणूस त्या कार्डावरचं दूध प्यायला, त्यानं त्या कार्डावरचा मक्याचा पाव खाल्ला. रोज जेवायला बसताना हात जोडून देवाचे आभार मानायचा आणि डोळे उघडून मला म्हणायचा, ‘बघ, निभतंय की नाही?’ निभतंय, मी म्हणायचे. त्याला पुरलं तेव्हा मला दोन गोष्टींचं रडू येत होतं, आणि गावानं एकाच गोष्टीबद्दल माझं सांत्वन केलं.

शनिवारी मार्सिया व्हेटस्टोन आली. मार्सियाचा बाप आमच्याकडं साचे करायचा. तिनं लोखंडी सामानाच्या दुकानदाराशी लग्न केलं आणि आता गावात कुठलीही रिबीन कापायची असली की कात्री तिच्याच हातात असते. स्वभावानं वाईट नाही, पण तिच्या तोंडाला झाकण नाही. आल्याआल्या स्वयंपाकघरात बसली, मी कॉफी दिली, बशीत जिंजर बिस्किटं ठेवली. तिनं एक बिस्कीट उचललं, दुसऱ्या हातानं कपाखालची बशी काढून उलटी केली, मागचा शिक्का बघितला आणि परत ठेवली. तिला कळलंही नाही आपण काय केलं ते. आमच्या गावात सगळे तेच करतात. लग्नात, मयताच्या जेवणात, परगावच्या हॉटेलात, ताट हातात आलं की पहिलं ते उलटं करायचं. कुणाचं आहे, कुठल्या कारखान्याचं, कुठल्या वर्षीचं, रेघवालीचा नंबर काय. माझी बहीण तर डेन्व्हरच्या हॉटेलात सूप असलेलं ताट उलटायला निघाली होती. बाहेरच्यांना हे वेड वाटतं. आम्हाला त्यात चुकीचं काहीच वाटत नाही.

‘तो येतोय,’ मार्सिया म्हणाली. ‘पुढच्या शनिवारी, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये. आपल्या गावात, नेल्डा! आणि गावातर्फे त्याला ताट द्यायचं ठरलंय. हातानं रेघ ओढलेलं. आता तुझ्याशिवाय कोण आहे? बाकीच्या एकतर गेल्या, नाहीतर फ्लोरिडात आहेत.’

मी म्हटलं, ‘तो परवा टीव्हीत काहीतरी बोलत होता.’

‘अगं, ते काय मनावर घेतेस! ते आपल्याबद्दल नव्हतं. ते त्या लोकांबद्दल होतं.’

‘कुठल्या लोकांबद्दल?’

‘तेच गं, बसून खाणारे. तुला माहितेय.’ तिनं बिस्कीट कॉफीत बुडवलं. ‘तू तर एकतीस वर्षं राबलीस. व्हर्जिलचं एवढं केलंस, पण कुणापुढं हात नाही पसरलास. मी स्टेजवर हेच सांगणार आहे.’

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो, कपाटात कार्डावरचे वाटाणे होते. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात, तसं काही झालं नव्हतं. झालं होतं ते याहून वाईट. मला आनंद झाला होता. नऊ वर्षांत माझ्याकडं कुणी रेघ मागितली नव्हती. नऊ वर्षं मी चहाचा कप दोन हातांनी धरते, कारण उजवा हात थरथरतो, आणि मनात म्हणते, ब्रश दिला तर थरथरणार नाही. ब्रश देणारा कोण असेल याचा मी विचारच केला नव्हता. मी म्हटलं, ‘करते.’ मार्सियानं माझ्या गालाचा मुका घेतला. ती गेल्यावर मी तिची बशी धुतली आणि स्वतःला चार शिव्या घातल्या.

तळघरात माझी चकती होती. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी मी ती टॉवेलात गुंडाळून घरी आणली. लाईल दारात उभा होता, त्यानं टॉवेल पाहिला आणि तो छताकडं बघायला लागला. बिनरेघेची काही कोरी ताटंही होती, वर्तमानपत्रात बांधलेली. चांगली ताटं. आमच्या घरात जेवायला कायम डागी ताटं असायची, काठ किंचित वाकडा, कुठं सुईएवढं भोक, कारखाना ती कामगारांना देऊन टाकायचा. अख्खं गाव डागी ताटात जेवत लहानाचं मोठं झालं. चांगली ताटं न्यूयॉर्कला जायची, हॉटेलांत, बँकवाल्यांच्या घरी. मंगळवारी दुपारी मी सगळं वर स्वयंपाकघरात आणलं आणि खिडकीतून भरपूर उजेड असताना त्यातलं एक धुऊन पुसून चकतीवर ठेवलं. द्रव सोन्याची जुनी बाटली उघडली. ते सोनं भाजायच्या आधी सोन्यासारखं दिसत नाही, काकवीसारखं तपकिरी दिसतं. त्याचा वास नाकात गेला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लवंगेच्या तेलाचा वास, त्यात टर्पेंटाइन, त्यात अकरा बायकांच्या गप्पा, खिडकीतल्या रेडिओवरचे सामने, आणि व्हर्जिल भट्टीकडून मुद्दाम लांबचा रस्ता धरून आमच्या बाकांसमोरून जायचा तो, लाल तोंडाचा, पंचवीस वर्षांचा, काहीही बोलायचं धाडस नसलेला.

ब्रश बुडवला. हात थरथरत होता. चकतीला गती दिली, श्वास घेतला, ब्रश टेकवला, आणि हात थांबला. बाई गं, कसा थांबला म्हणून सांगू! दगडासारखा. ताट माझ्या हाताखालून फिरत गेलं, तपकिरी रेघ पूर्ण होत आली, आणि तिचा शेवट तिच्या सुरुवातीला कधी भेटला ते मलाही कळलं नाही. मी ब्रश उचलला. काठ डोळ्यांजवळ धरून जोड शोधला. नव्हता. एकसष्टाव्या वर्षी, नऊ वर्षांनी, पहिल्या झटक्यात. मी उठून स्वयंपाकघरात एक चक्कर मारली. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं, म्हणून वाजवल्याही, रिकाम्या घरात.

मग ताट पालथं घातलं. मागं नंबर घालायचा असतो. माझा नंबर सतरा, आधी काम सोडून गेलेल्यांचे नंबर परत कुणाला देत नसत. सतरा लिहिला. ब्रश ठेवायचा आणि झालं. पण मी ब्रश ठेवेना. ‘सरकारच्या ताटात जेवतात’, ते वाक्य परत कानात वाजलं आणि त्याच्या मागोमाग मार्सियाचं, हात नाही पसरलास. माझ्या डोक्यात राग यायला हवा होता तो त्याच्यावर. पण खरं सांगायचं तर मला दिसत होता तो व्हर्जिल, हात जोडून बसलेला, डोळे मिटलेले, समोर डागी ताटात कार्डावरची कोंबडी. मी त्याच्यापासून काय लपवलं होतं? चोरी? चाळीस वर्षं त्यानं भट्टी पेटती ठेवली. या देशातल्या निम्म्या बँकवाल्यांनी त्यानं भाजलेल्या ताटात जेवून ढेकर दिले. प्रत्येक पगारातून सरकारनं आपला वाटा आधी उचलला आणि उरलेला आमच्या हातावर ठेवला. त्यातलं थोडं दूध होऊन परत आलं तर ते कुणाचं दूध होतं? आमचंच होतं, व्हर्जिल. तुला हे मी सांगायला हवं होतं. तू चिडला असतास, दोन दिवस बोलला नसतास, आणि मग पाव मागितला असतास. तुला मी हे न सांगता जाऊ दिलं, म्हणजे मीही त्याचंच मानत होते, टीव्हीतल्या त्या माणसाचं. तो बोलायच्या कितीतरी आधीपासून मी तेच मानत होते.

मी सतराच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं: ‘ही रेघ नेल्डा टनिक्लिफनं ओढली. ती सरकारी कार्डावर जेवते. तिचा नवराही जेवला.’ हात हलला नाही.

बुधवारी चर्चच्या तळघरात मुलांच्या मातीकामासाठी ठेवलेल्या छोट्या भट्टीत मी ते भाजून घेतलं. गुरुवारी सकाळी पलीकडं जायच्या आधी काढलं तेव्हा रेघ लखलखत होती आणि मागची अक्षरंही. मी ते फडक्यात गुंडाळलं. मनाशी म्हटलं, बाहेरचा माणूस आहे, ताट उलटणार नाही. कुठंतरी काचेच्या कपाटात जाईल, आणि वीस वर्षांनी धूळ पुसणारी एखादी बाई वाचेल. तेवढं मला पुरेल. मार्सियाच्या सवयीचं मी विसरले. विसरले असं म्हणते आहे, पण त्याची शपथ घ्यायला मी तयार नाही.

शनिवारी अकरा वाजता हॉल गच्च भरला होता. लाल ट्रक बाहेर काढून ठेवले होते, टेबलांवर हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, कॉफीची मोठी भांडी. मी निळा ड्रेस घातला होता, व्हर्जिलच्या मयताला घातलेला. लाईल मागच्या भिंतीला टेकून उभा होता. मार्सिया माईकवर म्हणाली, ‘या बाईनं आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही,’ आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निदान सात जण मी पुलावर पाहिलेले होते. मी ताट पुढं केलं. तो माणूस उंच होता, स्वच्छ होता, त्याचा हात ऊबदार होता, आणि तो वाईट वागला असं मी म्हणणार नाही. ‘नेल्डा, हे अप्रतिम आहे,’ म्हणाला. फोटोसाठी ताट समोर धरलं, सोनं कॅमेऱ्यांकडं. मागची बाजू त्याच्या पोटाला टेकली होती. मग त्याला हात मोकळे हवे होते, म्हणून त्यानं ते मार्सियाकडं दिलं.

मार्सियानं ते घेतलं आणि उलटलं. तिचा काही दोष नाही, तिच्या बापानंही तेच केलं असतं. मला तिचे ओठ हलताना दिसले, दोन ओळींवरून, मग तिसरीवरून. तिच्या गळ्यापासून केसांपर्यंत लाली चढली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही. आयुष्यात इतकी सरळ मी चर्चमध्येही उभी राहिले नाही. तो माणूस माईकवर मेहनतीबद्दल बोलत होता, छान बोलत होता, आणि मार्सिया ताट छातीशी घट्ट धरून उभी होती.

तो बाजूच्या दारानं गेला. त्याच्या माणसांनी अग्निशमन दलाची टोपी नेली, मुलांनी काढलेलं चित्र नेलं, मार्सियानं टेबलावर ठेवलेलं ताट तिथंच राहिलं. मार्सिया माझा दंड धरून म्हणाली, ‘आधी सांगायला काय झालं होतं गं तुला? सगळ्या गावासमोर मी काय बोलून बसले!’

‘सांगितलं असतं तर तू दुसरी बाई शोधली असतीस.’

‘दुसरी आहेच कोण?’ ती रडकुंडीला आली. मग नाक पुसून, हळू आवाजात म्हणाली, ‘व्हर्जिलला माहीत होतं?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘आता सगळ्यांनाच कळू दे.’

आणि कळलंच. ताट टेबलावर होतं, कॉफीच्या भांड्याशेजारी, आणि कॉफीच्या रांगेत क्लेमाउंटची माणसं होती. पहिल्यानं उचललं, उलटलं, वाचलं, खाली ठेवलं. दुसरीनं उचललं. एकेकाचा हात येत होता, ताट पालथं होत होतं, सुलटं होत होतं. डोरीन फॅसेट, जी पुलावर हमखास नदी बघते, तिनं दोनदा वाचलं आणि कॉफी न घेताच माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

सगळ्यात शेवटी लाईल आला. त्यानं ताट घेतलं, उलटलं, चष्मा वर करून वाचलं. बराच वेळ वाचत होता. मग ते सुलटं केलं आणि सवयीनं अंगठ्याचं नख काठावर टेकवून सावकाश पूर्ण फेरा घेतला. एकदा. परत एकदा. कडेला पिंप नव्हतं, तरी मी खळ्ळकन आवाजाची वाट बघत होते.

‘जोड नाही,’ तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मुकादमाच्या आवाजात. ताट त्यानं दोन्ही हातांनी माझ्याकडं दिलं. खिशातून पाकीट काढलं, त्यातलं निळं कार्ड सदऱ्याच्या वरच्या खिशात, दिसेल असं खोचलं.

‘गुरुवारी इथल्याच दुकानात जाऊ, नेल्डा,’ तो म्हणाला. ‘उगाच पेट्रोल जाळतो आपण.’